शाळकरी मुलांमधले जंत: टक्का वाचायचा कसा?

काचपट्टी:

जंतनाशक दिन जवळ आला की पालकांच्या ग्रुपवर एक आकडा हमखास फिरतो: 'भारतात २४ कोटी मुलांच्या पोटात जंत'. आकडा जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे, पण वाक्य चुकलेलं आहे. १ ते १४ वर्षांच्या २४.१ कोटी मुलांना जंतांची लागण होण्याचा धोका आहे, असा तो अंदाज. त्या वयाची साधारण ६८ टक्के मुलं त्यात येतात. धोक्यातली मुलं म्हणजे लागण झालेली मुलं नव्हेत. किती जणांच्या पोटात खरोखर जंत आहेत, हे शी तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणी झालेली आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या पुढाकाराने राज्याराज्यांत शाळकरी मुलांची पाहणी झाली, ती २०१६ अखेर पुरी झाली. लागणीचं प्रमाण सगळ्यात कमी मध्य प्रदेशात १२.५ टक्के आणि सगळ्यात जास्त तामिळनाडूत ८५ टक्के. मधल्या काळात २०१५ च्या फेब्रुवारीत ११ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला होता. काही राज्यांत नंतर पुन्हा पाहणी झाली. छत्तीसगडमध्ये २०१६ साली ७४.६ टक्के होतं, २०१८ मध्ये १३.९ झालं. सिक्कीम २०१५ मध्ये ८०.४, २०१९ मध्ये ५०.९. राजस्थान २०१३ मध्ये २१.१ वरून २०१९ मध्ये १ वर आलं, म्हणून तिथे गोळी वर्षातून एकदाच देतात. आणि आंध्र प्रदेश? २०१६ मध्ये ३६, २०१९ मध्ये ३४.३. जवळपास जिथल्या तिथे.

गोळी तीच, डोसही तोच. मग एकीकडे घसरगुंडी आणि दुसरीकडे ठप्प, असं का होतं? असे आकडे वाचताना काय काय बघावं लागतं, हे इथल्या जाणकारांनी आपापल्या बाजूने लिहावं म्हणून धागा काढलाय.

सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. या पाहण्यांत 'जंत' म्हणजे मातीतून पसरणारे तीन प्रकार. गोलजंत (अ‍ॅस्करिस, १५ ते ३५ सेंमी लांब), व्हिपवर्म (३ ते ५ सेंमी) आणि हुकवर्म (जेमतेम १ सेंमी, पण रक्त पिणारा). रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे पांढरे, सुतासारखे पिनवर्म यात धरलेले नसतात. त्यांचा मातीशी संबंध नाही.

शेवाळ:

आकडा जन्मतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणून आधी तिथलं लिहितो. जगभर या पाहण्यांत शीतली जंतांची अंडी मोजायची काटो-कात्झ पद्धत वापरतात. स्वस्त आहे, वीज नसली तरी आरशावर चालते. मात्र हात बसलेला नसेल तर आकडा सर्रास चुकतो.

आदल्या दिवशी मुलांना झाकणाची डबी द्यायची, वर नंबर आधीच लिहिलेला. सकाळी चमचाभर नमुना पुरे. नमुना जाळीखाली (नायलॉन किंवा स्टील, भोकं सुमारे २०० मायक्रॉन) ठेवून वरून पट्टीने खरवडायचं, म्हणजे धागे, टरफलं खाली राहतात आणि बारीक भाग वर येतो. काचपट्टीवर टेम्प्लेट ठेवायचं. प्लास्टिकची छोटी चकती असते, दीड मिमी जाड, मध्ये ६ मिमीचं भोक. ते भोक काठोकाठ भरलं की बरोबर ४१.७ मिलिग्रॅम नमुना बसतो. टेम्प्लेट सरळ वर उचलायचं आणि वर सेलोफेनचा तुकडा ठेवायचा. तो तुकडा आधी निदान २४ तास ग्लिसरॉल आणि मॅलेकाइट ग्रीनच्या द्रावणात (१०० मिली ग्लिसरॉल, १०० मिली ऊर्ध्वपातित पाणी, ३ टक्क्यांचं मॅलेकाइट ग्रीन १ मिली) मुरलेला हवा. मग पट्टी उलटी करून गुळगुळीत टाइलवर दाबायची, की थर सारखा पसरतो. टाइलवरून काढताना बाजूला सरकवायची. सरळ उचलली तर सेलोफेन सुटून येतं. थर नीट झाला का हे बघायची जुनी युक्ती: पट्टी वर्तमानपत्रावर ठेवा, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

मग अख्खी पट्टी ओळीने बघून अंडी मोजायची, प्रत्येक जातीची वेगळी. आलेल्या संख्येला २४ ने गुणलं की एक ग्रॅम शीतली अंडी मिळतात. पट्टीवर १२ अंडी, तर ग्रॅमला २८८.

चुका होतात त्या अशा. ग्लिसरॉल नमुन्याला पारदर्शक करतं, पण हुकवर्मच्या अंड्याचं कवच पातळ असल्यामुळे तेही पारदर्शक होऊन दिसेनासं होतं. म्हणून हुकवर्मसाठी पट्टी ३० ते ६० मिनिटांतच वाचावी लागते, उन्हाळ्यात आणखी लवकर. गोलजंत आणि व्हिपवर्मची अंडी नंतरही टिकून दिसतात. पट्ट्या सकाळी शाळेत बनवल्या आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी वाचल्या, तर अहवालात हुकवर्म 'शून्य' येणार. तो शून्य मुलांच्या पोटातला नसतो, प्रवासातला असतो. नमुना उन्हात पडला तर हुकवर्मची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात, तीही गडबड.

पातळ शी या पद्धतीला चालत नाही, टेम्प्लेटमध्ये थांबतच नाही. आणि मुलं ती मुलंच! एकाची शी चौघांच्या डब्यांत वाटलेली असते, कधी लेंड्या असतात. एकाच वर्गातल्या सलग नंबरांच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या दिसू लागल्या की थांबून पुन्हा नमुने मागवावेत.

एका नमुन्याच्या दोन पट्ट्या कराव्यात आणि दहातली एक पट्टी दुसऱ्या अनुभवी माणसाने, पहिला आकडा न बघता मोजावी. एवढं करूनही हलकी लागण सुटते, कारण ४१.७ मिलिग्रॅममध्ये एकही अंडं आलं नाही तर ग्रॅमला २४ पर्यंतची लागण नजरेआड राहू शकते. डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत त्याच मुलांचा टक्का वर जातो, मुख्यतः हुकवर्मचा. दोन पाहण्यांची तुलना करताना पद्धत तीच होती का, हा पहिला प्रश्न.

त्रैराशिक:

शेवाळ, झकास. आता गणिताची बाजू.

शाळांची निवड. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सारखं हवामान आणि माती असलेल्या एका पट्ट्यातून ५ शाळा, प्रत्येकी ५० मुलं, म्हणजे सुमारे २५०. साधारण तिसरीचा वर्ग घेतात, ८ ते १० वर्षांची मुलं. २५० मुलांत ३० टक्के निघाले तर साध्या हिशोबाने चूक-अंतर ५.७ टक्क्यांचं, दोन्ही बाजूंना. पण एका शाळेतली मुलं एकाच वस्तीतली, एकाच मातीत खेळणारी असतात, त्यामुळे नमुन्यातली विविधता कमी होते. हा परिणाम दुपटीचा धरला (म्हणजे २५० मुलं जणू १२५ च) तर अंतर ८ टक्क्यांवर जातं. म्हणजे २२ ते ३८. अशा नमुन्यावर ३६ चे ३४ झाले काय आणि ३६ चे ३९ झाले काय, सारखंच. राज्याच्या पाहणीत नमुना मोठा असतो, पण अहवालात चूक-अंतर छापलंय का, हे बघून घ्यावं.

तीन जातींची बेरीज. 'कोणताही जंत असलेली मुलं' काढायला तिन्ही टक्के बेरजेत टाकायचे नाहीत, कारण काही पोरांच्या पोटात दोन-तीन जाती एकत्र असतात. समजा गोलजंत २० टक्के, हुकवर्म १०, व्हिपवर्म ५. बेरीज ३५ येते. खरा हिशोब असा: ०.८० × ०.९० × ०.९५ = ०.६८४ मुलं मोकळी, म्हणून ३१.६ टक्के लागण. त्यातही एक जंत असलेल्याला दुसरा असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हा आकडा १.०६ ने भागतात. २९.८ टक्के.

आता मुख्य गोष्ट, जी टक्क्यात कधीच दिसत नाही. जंत मुलांमध्ये सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांच्या पोटात एक-दोन, आणि थोड्या मुलांच्या पोटात बाकीचे सगळे. म्हणून लागणीची तीव्रता वेगळी नोंदवतात. ग्रॅमला ५,००० पर्यंत अंडी असली तर गोलजंताची लागण हलकी, ५,००० पासून मध्यम, ५०,००० पासून जड. हुकवर्मला मध्यम २,००० पासून, जड ४,००० पासून. व्हिपवर्मला १,००० आणि १०,०००. शेवाळांच्या पट्टीच्या भाषेत, हुकवर्मची ८४ अंडी एका पट्टीवर दिसली की मध्यम. २०३० साठीचं जागतिक उद्दिष्टसुद्धा 'लागण शून्य' असं नाही. मध्यम आणि जड मिळून २ टक्क्यांच्या खाली, असं आहे. ज्या राज्यात टक्का ठप्प राहिला तिथे जड लागण पूर्वीच्या चौथाईवर आलेली असू शकते, किंवा नसूही शकते. ते वेगळं छापलं तरच कळेल.

आंबटगोड:

वाचतेय, पण थोडं सोप्यात सांगाल का? आमच्या शाळेतून गोळीची चिठ्ठी आलीय. मुलगी दुसरीत, फ्लॅटमध्ये राहतो, पाणी फिल्टरचं. तिची तपासणी न करताच गोळी द्यायची? सासूबाई म्हणतात लहानपणी वावडिंग दिलंय, गोड कमी कर, बस.

औषधपेटी:

आंबटगोड, तपासणी न करता देतात त्याचं कारण खर्च. काटो-कात्झचा खर्च आणि वेळ गोळीच्या कितीतरी पट, आणि गोळी एका डोसात इतकी सुरक्षित की जंत नसलेल्या मुलाला दिली तरी नुकसान नाही. म्हणून पाहणीत टक्का २० ते ५० च्या मध्ये आला तर वर्षातून एकदा आणि ५० च्या वर गेला तर दोनदा, सगळ्यांनाच, असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम. तुमच्या मुलीला धोका कमी आहे, शून्य नाही. शाळेचं मैदान, बाहेरची कोशिंबीर, गावची सुट्टी आहेच.

गोडाने जंत होत नाहीत. अंडं किंवा अळी पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग मूल साखरेच्या गोणीवर बसलेलं का असेना. झोपेत दात खाणे आणि गालावरचे पांढरट डाग यांवरूनही निदान करू नये. डाग बहुतेकदा कोरड्या त्वचेचे असतात. वावडिंग घरात राहू द्या, पण गोळीच्या जागी नको.

डोस: १ ते २ वर्षं अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), २ ते १९ वर्षं पूर्ण ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. वर्षाच्या आत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये ठेवून पूड करायची, पिण्याच्या पाण्यात कालवून द्यायची. मोठ्यांनी चावून खायची. जेवणाआधी-नंतर दोन्ही चालतं, कारण औषधाला काम आतड्यातच करायचंय. तरी शाळा पोषण आहारानंतर देतात ते बरं. उपाशी मुलाला मळमळलं की नाव गोळीचं होतं.

या दिवशी खरा धोका औषधाचा नसतो, घशात अडकण्याचा असतो. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून, मान मागे करून गोळी कोंबायची नाही. मूल शांत होऊ द्या, नाही घेतली तर मॉप-अपच्या (राहिलेल्या मुलांसाठी नंतर ठेवलेल्या) दिवशी बघू. ताप असेल, आजारी असेल, दुसरं औषध चालू असेल तर त्या दिवशी देत नाहीत. फिट येणाऱ्या मुलांचं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पोटदुखी, मळमळ, एखादी उलटी, जुलाब होतात ते बहुधा ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांनाच, आणि काही तासांत थांबतात. पुढच्या दोन-चार दिवसांत शीतून जंत पडला तर घाबरू नका. पडला नाही तर गोळी वाया गेली असंही नाही.

आता काचपट्टींच्या प्रश्नाकडे. एक डोस तिन्ही जातींवर सारखा चालत नाही. गोलजंत बरा होणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास, हुकवर्म ८० च्या आसपास आणि व्हिपवर्म जेमतेम ३०. मेबेंडाझोल हे दुसरं जंतनाशक घेतलं तर व्हिपवर्मवर थोडं बरं (४२), पण हुकवर्मवर निम्म्याहून कमी. म्हणजे एखाद्या भागात व्हिपवर्म जास्त असेल तर गोळ्या कितीही वाटा, एकूण टक्का हट्टाने वरच राहणार. गोलजंताच्या प्रदेशात धाडकन खाली येणार. राज्यांची तुलना करण्याआधी जातवार तक्ता बघा.

औषध चालतंय का हे वेगळं तपासतात. गोळी देण्याआधी अंडी मोजायची, १४ ते २१ दिवसांनी पुन्हा मोजायची. अंड्यांतली घट गोलजंतात ९५, हुकवर्ममध्ये ९० आणि व्हिपवर्ममध्ये ५० टक्क्यांच्या खाली आली तर काळजीचं. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांनी या गटातल्या औषधांना कधीच दाद देणं सोडलंय, म्हणून माणसांत लक्ष ठेवायचं.

पाटीपेन्सिल:

शाळेच्या बाजूने. गोळी वर्गात, शिक्षकांच्या समोर चावून घ्यायची आणि हजेरीपटावर नावापुढे खूण करायची. घरी पाठवायची नाही. घरी गेलेली गोळी दप्तरात सापडते, नाहीतर धाकट्या भावंडाच्या हाती लागते.

आदल्या आठवड्यात करायची कामं कमी आहेत, पण तीच राहून जातात. गोळ्यांची मुदत बघणे, पटापेक्षा थोड्या जास्त गोळ्या ठेवणे, पिण्याचं पाणी आणि पेले वर्गात आणून ठेवणे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा फोन नंबर फळ्यावर लिहिणे. आणि एका मुलाला उलटी झाली की त्याला शांतपणे बाजूला सावलीत बसवणे. सगळ्या वर्गासमोर धावपळ झाली की पाच मिनिटांत वीस मुलांना 'मळमळतं'. औषधाचा त्यात काही संबंध नसतो.

आता टक्क्याची गंमत. 'गोळी घेतलेली मुलं भागिले पट' असा हिशोब असतो, म्हणून पट खोटा तर टक्का खोटा. १० फेब्रुवारीला, म्हणजे जंतनाशक दिनी, मराठवाड्यातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीवर असतात. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यांचं नाव बीडकडच्या शाळेच्या पटावर, मूल कारखान्याजवळच्या कोपीत. घरच्या शाळेत गैरहजर आणि फडाजवळच्या शाळेत नावच नाही. वीटभट्टीवरच्या मुलांचंही तेच. कोपीवर शौचाची सोय नसते, पोरं अनवाणी, म्हणजे जंत नेमके जिथे जास्त असण्याची शक्यता तिथेच गोळी चुकते. नियमाप्रमाणे शाळाबाह्य मुलांना आशाताईंनी अंगणवाडीत आणायचं असतं, पण फड दर थोड्या दिवसांनी हलतो. मॉप-अपचा दिवस अंगणवाडीऐवजी तळावर, सकाळी गाड्या निघण्याआधी ठेवला तर मुलं सापडतात. ऑगस्टमधल्या गोळीच्या दुसऱ्या फेरीला हीच मुलं गावी असतात, ती फेरी त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाची.

विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या सामुदायिक मोहिमेतही अल्बेंडाझोल असतं. ज्या वर्षी ती मोहीम होते, त्या वर्षी मुलाला एक डोस तिथून मिळालेला असतो, आणि घरच्या मोठ्या माणसांनाही. दोन्ही तारखा जवळजवळ येऊ देऊ नयेत. एक डोस उगाच वाया.

उलटतपासणी:

सगळं ठीक, पण फायदा सिद्ध झालाय का? उत्तर प्रदेशातल्या डेव्हटा चाचणीत ७२ विकासखंडांत सुमारे १० लाख लहान मुलं होती, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल, पाच वर्षं. निकाल २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: वजनात, मृत्युदरात म्हणावा असा फरक नाही. दुसरीकडे केनियातल्या बुसियाचा ७५ शाळांचा प्रयोग, मिगेल आणि क्रेमर यांचा २००४ चा निबंध. गोळीने शाळेतली गैरहजेरी घटली, शेजारच्या गोळी न घेतलेल्या मुलांचीही घटली, असा दावा. २०१५ मध्ये त्याच माहितीची पुन्हा उकल झाली तेव्हा आकडेमोडीतल्या चुका निघाल्या आणि तज्ज्ञांमध्ये जुंपली. अनेक चाचण्या एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा सरसकट गोळीच्या बाजूने नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

काचपट्टी:

आक्षेप रास्त आहे, पण डेव्हटाची मुलं शाळेच्या आधीच्या वयाची होती. आणि सरासरीतच खरी मेख आहे. त्रैराशिक यांनी लिहिलंय तसं जंत थोड्या मुलांत गोळा होतात. समजा १०० मुलांत ३० ना लागण, त्यांतल्या तिघांना मध्यम किंवा जड. गोळीने त्या तिघांचं वजन प्रत्येकी १ किलोने वाढलं तरी शंभरांची सरासरी वाढते ३० ग्रॅम. काट्यावर ती दिसणारच नाही. त्या तिघांसाठी मात्र १ किलो खराच.

उलट, हलक्या लागणीच्या भागात गोळीने मुलं हुशार होतील, उंची वाढेल अशी जाहिरात करू नये, इथे मी तुमच्या बाजूला आहे. हुकवर्मचं गणित वेगळं. नेकेटर या हुकवर्मच्या जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिली रक्त खातो, अ‍ॅन्सायलोस्टोमा त्याच्या पाच-सहा पट. शंभर नेकेटर म्हणजे रोज ३ मिली. शाळेत आधीच रक्तक्षय असलेल्या मुलीला हे परवडत नाही. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला देऊन जंत तसेच ठेवणं म्हणजे गळक्या माठात पाणी. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात जंतनाशक गोळी घातलीय ती म्हणूनच.

शोषखड्डा:

गोळीने पोट साफ होतं, अंगण होत नाही, हे इथे कोणीच लिहिलं नाही. गोलजंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की गोळीनंतर ६ महिन्यांत गोलजंताचा टक्का मूळच्या ६८ टक्क्यांपर्यंत परततो, वर्षभरात ९४ पर्यंत. हुकवर्म वर्षात ५७ पर्यंतच. म्हणजे पाहणी गोळीनंतर महिन्याभरात केली की कार्यक्रम देखणा दिसतो, पुढच्या फेरीच्या आदल्या आठवड्यात केली की खरा दिसतो. आकड्याबरोबर 'शेवटच्या गोळीनंतर किती महिने' हे मागा.

जातवार मातीही वेगळी वागते. गोलजंताचं अंडं ताज्या शीत असताना निरुपद्रवी, त्यातला गर्भ पिकायला दोन ते चार आठवडे लागतात. नंतर ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. क्लोरीन, पोटॅशियम परमँगनेट, हाताला लावायचं सॅनिटायझर, कशालाच दाद देत नाही. साबणाने ते मरत नाही, पण चोळल्याने निघून जातं, म्हणून नखांच्या खाली चोळणं महत्त्वाचं. भाजी परमँगनेटमध्ये भिजवण्यापेक्षा मेथी-कोथिंबिरीची जुडी सोडून, वाहत्या पाण्याखाली पान पान धुवावी. शिजवली की प्रश्न मिटला.

हुकवर्मची अंडी उबदार, ओल्या सावलीतल्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात, आठवड्याभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. कोरड्या कडक उन्हात मरते. तिथे चपला कामाच्या, हात धुणं कमी. गोलजंताला नेमकं उलट. 'स्वच्छता ठेवा' अशी मोघम पाटी लावण्यापेक्षा आपल्याकडे कोणती जात आहे हे विचारून सांगावं.

दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर एक खड्डा भरल्यावर बंद करून दुसऱ्याकडे वळवायचं आणि बंद खड्डा दोन वर्षं उघडायचा नाही. सहा महिन्यांत उपसून शेतात टाकला तर अंडी जिवंत असतात. मधल्या चेंबरमध्ये एक तोंड दगड-सिमेंटने बंद लागतं. तेच राहिलं की दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि सगळा उद्देश बुडतो. आणि बाळाची शी. 'लहान लेकराची आहे, काही होत नाही' म्हणून ती उकिरड्यावर जाते. चालू लागलेल्या बाळाच्या पोटात जंत असू शकतात, ती संडासातच टाकावी.

त्रैराशिक:

शोषखड्डा, याला जोड म्हणून दक्षिण कोरिया. १९७१ च्या राष्ट्रीय पाहणीत ८४.३ टक्के लोकांच्या शीत कोणती ना कोणती परजीवी अंडी, एकट्या गोलजंताची ५४.९. १९८१ मध्ये गोलजंत १३, १९९२ मध्ये ०.३, १९९७ मध्ये ०.०६. त्यांनी १९६४ मध्ये परजीवी निर्मूलनाची संस्था काढली, १९६६ मध्ये कायदा केला आणि १९६९ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाची वर्षातून दोनदा शी तपासून, अंडी सापडली त्यालाच औषध दिलं. आपण तपासत नाही, सगळ्यांना देतो. पण त्याच काळात तिथे मैला खत म्हणून वापरणंही बंद होत गेलं, घरोघर संडास आले. एकट्या गोळीला श्रेय देता येत नाही, एकट्या संडासालाही नाही.

आंध्रच्या आकड्याचं कारण इथे बसून सांगता येणार नाही, पण क्रम असा लावेन: जातवार तक्ता, शेवटच्या गोळीपासूनचे महिने, पट्टी किती मिनिटांत वाचली, मग पटावर नसलेली मुलं. या चारांपैकी एकही अहवालात नसेल तर ३४.३ हा दशांश चिन्हासकट नुसता दिखावा.

आंबटगोड:

गोळी दिली, काही झालं नाही, धन्यवाद. एकच शंका. मैत्रिणीच्या मुलाला रात्री खाली खाज येते, लॅबच्या रिपोर्टमध्ये 'अंडी आढळली नाहीत' आलंय. शाळेची गोळीही झालीय. मग?

औषधपेटी:

ते बहुधा पिनवर्म. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालते, शीत ती क्वचितच येतात, म्हणून साधा रिपोर्ट स्वच्छ येतो. सकाळी उठल्याबरोबर, अंघोळ आणि शौच यांच्या आधी, चिकटपट्टीची चिकट बाजू तिथल्या घडीवर दाबायची, काचपट्टीवर सपाट चिकटवायची आणि लॅबला द्यायची. ओळीने तीन सकाळी करावं, एकदा चुकतं. अल्बेंडाझोलचा एक डोस पुरत नाही, कारण तो अंड्यांवर चालत नाही. दोन आठवड्यांनी दुसरा लागतो, तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, डॉक्टरांना विचारून. नखं कापा, सकाळी चड्डी बदला, पांघरुणं घरात न झटकता गरम पाण्यात धुवा. आणि चिकटपट्टी आरपार दिसणारी घ्यायला सांगा. दुधी रंगाची घेतली तर सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसत नाही.